कवळी बसत नाही

हसतील त्यांचे दात दिसतील, अशी म्हण आहे. त्या भागात जे कोणी हसत, त्यांच्यातल्या निम्म्यांचे दात बाईंच्याच कारखान्यात तयार झालेले असत, त्यामुळे लोकांच्या हसण्याचं बाईंना कधी भय वाटलं नव्हतं. कारखाना म्हणजे तरी काय, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या. पहिलीत प्लॅस्टरचे जबडे फळ्यांवर ओळीने वासलेले, दुसरीत मेणाचं काम, तिसरीत घासून चकचकीत करायची मोटर, आणि चौथीत स्कॅनर, कॉम्प्युटर आणि बाई. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं मेलने पाठवायचे आणि इथून कवळ्या, दाढा, दातांवरच्या टोप्या तयार होऊन जायच्या.

या धंद्यात एकाच वाक्याला सगळे टरकून असतात. कवळी टोचते म्हणाले, तर घासून देता येते. रंग पिवळट आला, तर पेशंटला चहा कमी प्यायला सांगता येतं. पण डॉक्टरांकडून "कवळी बसत नाही" असा निरोप आला, की सगळं मुळापासून करावं लागतं. बाईंनी त्यावर आपलं एक खास शास्त्र काढलं होतं. न बसलेली कवळी एका पांढऱ्या बशीत घालून खिडकीजवळच्या टेबलावर दिवसभर ठेवायची, आणि ती ज्याने केली त्याचा चहाचा कप शेजारी. बोलायचं कोणी काही नाही. येता-जाता फक्त बघायचं. मेणाचं काम करणारे मेणकाका चांगले साठीला टेकलेले, पण बशीशेजारी त्यांचा कप लागला त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

बाईंना या बशीचा फार अभिमान होता. तिच्यामुळे कामात चूक राहत नाही, असं त्या म्हणायच्या. चूक राहत होती की लपत होती, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही, कारण विचारणाऱ्याचाही कप तिथेच टांगलेला होता.

तर एका सकाळी बाईंच्या दिरांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि पडदा लालभडक झाला. मधोमध एक कुलूप आणि खाली मजकूर. चोरांनी तो कुठल्याशा यंत्राकडून मराठीत करून घेतलेला दिसत होता. "प्रिय ग्राहक, आम्ही आनंदाने आपल्या सर्व फायली बंद केल्या आहेत. किल्ली विकत घेण्याची कृपा करा." पुढे आकडा होता. तो इतका होता की त्यात खालची बेकरी भट्टीसकट आली असती.

"वहिनी," दिरांनी हाक मारली, "जरा येता का?"

बाई आल्या, त्यांनी वाचलं, आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. आकड्यामुळे नव्हे. हे कुणाचं कर्तृत्व आहे ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं.

छताला रंग देत होते त्या दिवसांतली गोष्ट. सगळं सामान वर्तमानपत्रांनी झाकलेलं, रंगारी शिडीवर, आणि बाई एकट्याच कॉम्प्युटरपाशी. सगळ्यांचा मिळून एकच मेलचा पत्ता होता. त्यात एका अनोळखी दवाखान्याचा मेल दिसला. विषय: "कवळी बसत नाही. फोटो जोडला आहे." बाईंच्या डोक्याच्या अगदी वर, त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद चिकटवलेला होता: "अनोळखी मेल उघडणाऱ्याची गय केली जाणार नाही." पण त्या आठवड्यात दोन कवळ्या खुद्द बाईंनी केल्या होत्या. आपली असली तर? दिरांनी आधी बघितलं तर? बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि फोटो उघडला. फोटो काही दिसला नाही. पडदा एकदा डोळा मारल्यासारखा लवला आणि पुन्हा जसाच्या तसा. मग बाईंनी एक छोटीशी युक्ती केली. मेलवर टिचकी मारून तो "वाचलेला नाही" असा करून ठेवला, म्हणजे कुणाला पत्ता लागायला नको. नंतर त्या तो विसरूनही गेल्या.

आता तो त्यांना लख्ख आठवला. आणि माणूस घाबरला की जे करतो तेच त्यांनी केलं. चोराच्या उलट्या बोंबा.

"हे ज्याने केलं असेल ना," बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "त्याने एकेका डॉक्टरला स्वतः फोन करून सांगायचं, माझ्यामुळे झालं म्हणून. आणि कप बशीशेजारी. महिनाभर!"

दीर चष्मा पुसायला लागले. दारात उभे असलेले मेणकाका छताकडे बघायला लागले. कोपऱ्यात आरामखुर्चीत बाईंचे सासरे बसले होते. हा कारखाना त्यांनीच काढलेला, आता हात कापतात म्हणून नुसते येऊन बसत. ते म्हणाले, "थोडं कमी करतील का, विचारून बघा." बोलताना त्यांच्या दातांतून हलकीशी शीळ वाजायची. ती वयाची असावी असं सगळे धरून चालले होते.

एवढ्यात फोन वाजला. बत्तीशी डॉक्टर. कारखान्याचं निम्मं काम या एका माणसाकडून यायचं आणि निम्मी कटकटही. त्यांचा दवाखाना रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर.

"बाई, माझ्या त्या पेशंट आजींची वरची कवळी आज मिळणार होती. त्या चार दिवस पेजेवर आहेत."

"अहो डॉक्टर, लाइट गेलीय," बाई म्हणाल्या. "सकाळपासून सगळं ठप्प."

"मला इथून तुमचा पंखा फिरताना दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी धावत जाऊन पंखा बंद केला. त्याने काय साधलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मग त्यांनी भाचीला फोन लावला. ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मोठमोठ्या कंपन्यांवर असे दरोडे पडले की ती तिथे जाऊन सगळं पुन्हा उभं करून द्यायची. घरात मात्र अजून तिचं नाव "मिरची"च होतं. मिरचीचं पहिलं वाक्य असं: "मावशी, रडू नकोस आणि काही दाबू नकोस. इंटरनेटची वायर काढ. कॉम्प्युटर बंद करायचा नाही, नुसता नेटपासून तोडायचा." बाईंनी कॉम्प्युटरची सोडून भिंतीतून दिसेल ती वायर उपटली. त्यात चहाच्या किटलीचीही गेली, त्यामुळे मिरची आली तेव्हा तिला चहासुद्धा मिळाला नाही.

तिने बॅग उघडली, पडदा बघितला, त्याचा फोटो काढला आणि हसली. "आनंदाने बंद केल्या म्हणे! किती गोड."

"आपण देऊन टाकायचे का पैसे?" दिरांनी हळूच विचारलं.

"काका, चोराकडून किल्ली विकत घ्यायची, आणि ती चालली नाही तर तक्रार कुणाकडे करायची? शिवाय एकदा दिलेत की देणारं गिऱ्हाईक म्हणून नाव होतं. पुढच्या खेपेला ते भाव वाढवून येतील. पोलिसांना मी कळवलंय, लेखी तक्रार तुम्ही दुपारी जाऊन द्या. आता मला सांगा, फायलींच्या नकला कुठे आहेत?"

इथे बाईंची मान जरा ताठ झाली. मिरचीनेच मागे कधीतरी कान पिळून सांगितलं होतं, की दर महिन्याला सगळ्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि डिस्क काढून घरी न्यायची. लावून ठेवलेली नक्कल ही नक्कल नव्हे. बाईंनी हे तंतोतंत पाळलं होतं. तीन डिस्क, आळीपाळीने. दिरांनी त्यांना नावंही दिली होती. ताजी ती पटाशी, मधली सुळा, आणि सगळ्यांत जुनी अक्कलदाढ. तिन्ही घरी कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये होत्या. दीर जाऊन घेऊन आले.

"मावशी, तुझे पाय धरावेसे वाटतायत," मिरची म्हणाली. "निम्म्या कंपन्यांकडे हे नसतं. आता एकच गोष्ट हवी. हा किडा ज्या दिवशी शिरतो त्या दिवशी काही करत नाही. गपचूप बसतो, घर बघून घेतो आणि मग एक दिवस कुलूप लावतो. म्हणजे तो शिरल्यानंतर घेतलेल्या प्रत्येक नकलेत तो असू शकतो. तसली नक्कल मी चढवली, तर चार दिवसांत पुन्हा लाल पडदा. येण्याजाण्याच्या सगळ्या खुणा, मेलसुद्धा, चोरांनी पुसून टाकल्यात. तेव्हा कुणी काय उघडलं, यात मला काडीचा रस नाही. कधी उघडलं, तेवढं सांगा."

खोलीत सगळ्यांची दातखीळ बसली. मोटर बंद, पंखा बंद. खालून बेकरीवाल्याचं ट्रे आपटणं तेवढं ऐकू येत होतं. बाईंनी मेणकाकांकडे रोखून बघितलं. आपली नेहमीची सवय.

"मी," दीर म्हणाले.

बाईंना इतका धक्का बसला की त्या खुर्चीत बसल्याच.

"गेल्या आठवड्यात. कुरियरवाल्याने पार्सल हरवलं, त्या दिवशी. मेल आला होता, कवळी बसत नाही म्हणून. मला वाटलं, माझीच असणार. फोटो काही उघडला नाही. मग मी..." दिरांनी घसा साफ केला, "मग मी तो मेल वाचलेला नाही असा करून ठेवला. वहिनी, तुम्हाला कळू नये म्हणून."

"गेला आठवडा," मिरचीने लिहून घेतलं आणि पटाशीला हात घातला. "म्हणजे या महिन्याच्या सुरुवातीची ही चालेल."

"नाही चालणार," मेणकाका दारातून म्हणाले.

सगळे वळले.

"मला नवा चष्मा लागला ना, तेव्हा बघितला मी तो मेल. गेल्या महिन्याच्या अखेरीला. साहेबांच्या आधी. मला ते उघडणं-बिघडणं फारसं येत नाही, पण बाई, ते वाक्य दिसलं आणि हात आपोआप गेला. न वाचलेला होता, म्हणून म्हटलं कुणी बघायच्या आत बघून घ्यावं. मग तसाच करून ठेवला. नातवाने दाखवलंय मला, कसं करायचं ते."

मिरचीने पेन खाली ठेवलं. तिचे खांदे हलत होते. "म्हणजे एकच चोर," ती म्हणाली, "आणि ज्याने त्याने त्याला आत घेऊन दार होतं तसं लावून ठेवलं, पुढच्याला उघडता यावं म्हणून! असं मी कुठेच बघितलेलं नाही." मग तिने पटाशी बाजूला सारली आणि सुळा उचलला. "हा गेल्या महिन्याच्या सुरुवातीचा. रंगकाम झाल्यानंतरचा, बरोबर ना? चला. याच्यावरून सगळं उभं करू."

आता मात्र बाईंना दरदरून घाम फुटला. पंखाही त्यांनीच बंद केलेला.

सुळ्यात तो किडा असणार, हे खोलीत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. गप्प बसलं तर आज अब्रू वाचत होती. दोघांनी कबूल केलंच होतं, दोन कप बशीशेजारी लागले असते, भिंतीवरच्या कागदाचा मान राहिला असता. आणि चार दिवसांनी सगळं पुन्हा लाल. मग ना फायली, ना बत्तीशी डॉक्टर, ना या चार खोल्या.

"अगं, त्यापेक्षा ती अक्कलदाढच घे की," बाई शक्य तितक्या सहज म्हणाल्या. "जुनं ते सोनं."

"मावशी, मधल्या महिन्याचं सगळं काम उगाच फेकून द्यायचं?"

"वहिनी, अहो त्यात माझे सगळे पूल आहेत, तीन-तीन दातांचे!" दीर कळवळून म्हणाले. "डोळे फुटेस्तोवर काम केलंय मी."

"पण मी म्हणते, धोका कशाला घ्या."

"कसला धोका? कारण सांग ना काहीतरी."

"मला... मला आतून वाटतंय."

"मावशी, आतून वाटतंय म्हणून मी कारखाना नाही चालू करत," मिरची म्हणाली आणि सुळ्याची वायर जोडायला घेतली.

बाईंनी तिचा हात धरला. इतक्या जोरात धरला की मिरची ओरडली.

"लावू नको ती. रंगारी शिडीवर होता तेव्हा मी उघडला." बाई म्हणाल्या. "सगळ्यांत आधी मी. मीच. माझी कवळी असली तर बशीत जाईल म्हणून. आणि न वाचलेला करून ठेवला तोही मीच, तुमच्या सगळ्यांच्या आधी."

बाईंना वाटलं, हे आता हसतील. हसावंच त्यांनी. दात दिसले तर दिसू देत.

हसले ते सासरे. आधी खुर्चीतून नुसती शीळ ऐकू आली, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग ते असे गदगदून हसायला लागले की वरची कवळी सटकन निसटून त्यांच्या ओंजळीत पडली. बाईंनी स्वतःच्या हाताने, जीव ओतून केलेली कवळी. फार वर्षं झाली होती तिला.

"बाबा!"

"ही पण बशत नाही," सासरे बोळक्या तोंडाने म्हणाले. "पहिल्या दिवशापाशून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "तुझा कप तिथे लागलेला मला बघवला नशता, पोरी."

इतकी वर्षं ते पोळीचे बारीक तुकडे का करायचे, सफरचंद किसून का मागायचे, आणि ती शीळ कुठली, हे सगळं बाईंना एका दमात कळलं. या माणसाने त्यांना कवळीतलं सगळं शिकवलं होतं, आणि त्यांच्याच धाकापायी तो इतकी वर्षं नीट चावून जेवला नव्हता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं, आणि त्यांनी ते दोन्ही येऊ दिलं. मेणकाका तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळले होते. दिरांना पुलांचं दुःख आवरत नव्हतं, तरी तेही हसतच होते.

मिरचीने सुळा बॅगेत टाकला आणि रंगकामाच्या आधीची अक्कलदाढ उचलली. "ही उशिराच येते," ती म्हणाली, "पण आली. आता ऐका. मशीन सगळी पुसून नव्याने उभी करायची, पासवर्ड सगळे बदलायचे. ही डिस्कही आधी बाजूला तपासणार, मगच चढवणार. या डिस्कनंतरच्या कामांची मापं डॉक्टरांकडे असतीलच, ती पुन्हा मागवा, मेलवर नाही, माणूस पाठवून. तोवर प्लॅस्टरच्या जबड्यांवर हाताने काम चालू करा. आणि डॉक्टरांना खरं काय ते आत्ताच सांगा. हे चोर कारखान्याच्या पत्त्यावरून त्यांनाही मेल पाठवत असणार. सांगायला जेवढा उशीर, तेवढे दवाखाने लाल."

"आजींची कवळी मी संध्याकाळपर्यंत काढतो," मेणकाका म्हणाले. "त्यांचा जबडा फळीवर आहे, मला कॉम्प्युटर लागत नाही." आणि ते आत गेलेसुद्धा.

बाईंनी डोळे पुसले. त्या उठल्या, भिंतीवरचा कागद काढून चुरगाळला. मग पांढरी बशी घेतली, तिच्यात सासऱ्यांची कवळी ठेवली आणि आपला कप आणून शेजारी ठेवला. "हिचं माप आज नव्याने घेणार," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे बसत नाही तर बसत नाही म्हणायचं, तोंडावर. बशी चहासाठी." मग त्यांनी फोन उचलला. ज्याने केलं त्याने एकेका डॉक्टरला स्वतः सांगायचं, हा त्यांचाच हुकूम होता.

पहिला नंबर बत्तीशी डॉक्टरांचा.

"डॉक्टर, लाइट गेली नव्हती."

"ते कळलं मला."

"आमच्याकडे चोर शिरलेत, कॉम्प्युटरमधून. माझ्यामुळे. एक खोटा मेल आला होता, तो मी उघडला, आणि लपवला. आजींची कवळी संध्याकाळी येईल, पण बाकीच्या कामांना आठवडाभर उशीर होणार. काम दुसरीकडे द्यायचं असेल तर खुशाल द्या. फक्त एक करा. आमच्या नावाने काही आलं असेल, 'कवळी बसत नाही' असं लिहिलेलं, तर ते उघडू नका."

बाईंनी खिडकीतून बघितलं. रस्त्यापलीकडे, काचेमागे, बत्तीशी डॉक्टर फोन कानाला लावून आपल्या कॉम्प्युटरकडे टक लावून उभे होते. मग त्यांनी हळूच मागे वळून आपली नर्स जवळपास आहे का ते बघितलं.

"बाई," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "उघडून झाल्यावर वाचलेला नाही असा करून ठेवला, तर चालतं का हो?"